झारेकरी म्हणजे सोन्याच्या खाणीत काम करणारा मजूर का? गलाईवाला म्हणजेही तोच का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. खाणकामगार जमिनीखालचा खडक फोडून सोने असलेला दगड वर आणतो. कर्नाटकात कोलारला २००१ पर्यंत हेच काम चाले आणि तिथल्याच रायचूर जिल्ह्यातील हट्टी येथे ते आजही चालते. झारेकरी सोनारांच्या दुकानांतील केर, राख आणि माती धुऊन त्यांत सांडलेले सोने काढतो. नदीची वाळू धुऊन सोने काढणारे सोनझारी या कामाला जवळचे. गलाईवाला मात्र मोडीचे किंवा असे धुऊन मिळालेले सोने गाळून शुद्ध करतो.

माझे वडील आधी झारेकरी होते आणि मग गलाईवाले झाले. विट्याजवळच्या आमच्या गावातून ते सोळाव्या वर्षी दक्षिणेतील एका शहरात गेले. पहाटे सराफांची दुकाने उघडण्यापूर्वी गल्ली झाडायची, जमलेला केर जाळून, कुटून, चाळून घ्यायचा आणि पाणी भरलेल्या परातीत तो हलक्या हाताने गोल फिरवायचा. वरची माती पाण्याबरोबर निघून जाई आणि तळाशी काळसर, जड गाळ उरे. त्यात पारा घालून चोळला की सोन्याचे कण पारा धरून ठेवी. मग तो फडक्यातून पिळायचा, उरलेली गोळी तापवून पारा उडवायचा, आणि एवढ्या खटाटोपानंतर कधी दोन गुंजा सोने हाती लागे, कधी तेवढेही नाही. त्या पैशांतून त्यांनी सोने वितळवायची मूस, भाता आणि तेजाबाची (आम्लाची) भांडी घेतली आणि स्वतःची गलाई सुरू केली.

वडील गेल्यावर गावच्या देवळाला आम्ही देणगी दिली, तेव्हा चुलत्यांनी पायरीच्या दगडावर त्यांच्या नावापुढे ‘सुवर्ण व्यापारी’ असे कोरून घेतले. मी हरकत घेतली, तर ते म्हणाले, “केर झाडणारा म्हणून लिहिलं तर पोरींना स्थळं येतील का?” वडिलांनी आयुष्यात सोन्याचा व्यापार केला नाही. दुसऱ्याच्या केरातून त्यांनी आमचे घर उभे केले, हे लपवण्यासारखे आहे असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तुमच्या घरच्या जुन्या कागदांत एखाद्या पूर्वजाच्या नावापुढे झारेकरी असे आढळले, तर ते खोडून ‘सराफ’ लिहू नका.

बोलण्यात हे शब्द एकमेकांत मिसळतात, कारण पुष्कळ कुटुंबांनी दोन्ही कामे केली आहेत. त्यामुळे कोणी आपल्या आजोबांना सरसकट गलाईवाले म्हटले तर ते खोटे ठरत नाही. आणि वर लिहिलेली पाऱ्याची रीत कोणीही घरी करून पाहू नये. पाऱ्याची वाफ विषारी असते. ती बंद खोलीत वर्षानुवर्षे घेतलेल्या माझ्या वडिलांचा हात शेवटी इतका कापे की चहाचा कप त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे.