ओल्या बाळंतिणीला पहिल्यांदा उठवताना
आयसीयूत नवीन लागलीस, म्हणून सांगते. सांगलीत जत-आटपाडीकडनं आलेली सासू हमखास आडवी येते: "ओली बाळंतीण हाय, पडू दे की." तिच्यावर चिडू नकोस. बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका असतोच, पडून राहिल्यानं तो वाढतो, हे सरळ सांग. मग तीच सुनेला पावलं वर-खाली करायला लावते!

डॉक्टरांनी हो म्हटलं की उठवायचं, पण हात धरून ओढायचं नाही. गुडघे दुमडून कुशीवर, पोटाच्या टाक्यांवर उशी, पाय खाली, मग कोपरावर जोर. लघवीची पिशवी आणि ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) आधी पलंगापासून सोडवून घे. मी एकदा विसरले, नळीला हिसका बसला, बाई कळवळली. काठावर बसवलं की तीन मिनिटांच्या आत बीपी बघ. वरचा आकडा 20 नं उतरला किंवा अंधारी आली तर परत आडवं. मॅग्नेशियम (झटके येऊ नयेत म्हणून देतात ते औषध) चालू असेल तर उभं करायची घाई नकोच, अंगात त्राण नसतं.

आणि पॅड बदलूनच उठव. उभं राहताच साठलेलं रक्त भसकन येतं, बाई घाबरते. थांबलं नाही तर मात्र लगेच हाक मार.