वाचक विचारतात : गाडी उंच केली, शॉकअप कुठले घ्यायचे?

प्रश्न : जिमनीला 2 इंच उंचीच्या स्प्रिंग बसवल्या, शॉकअप कंपनीचेच ठेवले. स्पीडब्रेकर उतरताना खालून ‘ठक्’ आवाज येतो. गॅरेजवाले म्हणतात, हेवी ड्युटी गॅसचे टाका. टाकू का? (सातारा)

उत्तर : तुमचे शॉकअप खराब झालेले नाहीत, आखूड पडताहेत. स्प्रिंगने बॉडी 50 मिमी वर गेली, पण शॉकअपची पूर्ण उघडलेली लांबी तीच राहिली. चाकाला खाली लोंबायला जागा उरली नाही, म्हणून दांडा आतल्या आत शेवटाला आपटतो. असंच चालवलंत तर आधी बुश (जोडातली रबरं) फाटतील, मग माउंटिंगला तडा जाईल. गॅस भरल्याने लांबी वाढत नसते. ब्रँडचं नंतर बघू, आधी टेप काढा.

गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या माउंटिंगमधलं अंतर मोजा. मग चेसिस घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, शॉकअप सोडवा आणि जॅकवरचा ॲक्सल सावकाश खाली आणा. ब्रेकची होज ताणली जायच्या किंवा स्प्रिंग बैठकीतून सुटायच्या आत थांबा. हे दुसरं माप. शेवटी स्प्रिंग काढून ॲक्सल वर उचला, बंप स्टॉप (ॲक्सल वर आदळू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) साधारण निम्मा दबला की तिसरं. एक चाक वर, एक खाली अशा तिरक्या अवस्थेतही तपासा, कारण तेव्हा शॉकअपचा कोन बदलतो. चाक किती हललं ते मोजून भागत नाही, शॉकअप तिरका असतो.

समजा मापं आली 440, 540 आणि 345 मिमी. मग शॉकअप मिटलेला 333 पेक्षा मोठा नको (12 मिमी मोकळे हवेतच) आणि उघडलेला 540 पेक्षा जास्त नको. 330/530 चा चालेल. पुष्कळ जण इथे फसतात : सगळ्यात लांब उघडणारा उचलतात. पण जो जास्त उघडतो तो मिटल्यावरही लांबच राहतो. मग बंप स्टॉपआधी शॉकअपच ठेचला जातो आणि व्हॉल्व्हची वाट लागते. लांबच मिळत असेल तर जितकं कमी पडतंय तितक्या जाडीचा स्पेसर बंप स्टॉपखाली घाला.

आता प्रकार. शनिवार-रविवारच्या कच्च्या वाटांना कमी दाबाच्या गॅसचा ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) पुरतो; बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी सहसा चालतो. मोनोट्यूब (एकाच नळीचा) लवकर थंड होतो, तेलाला फेस येत नाही, पण पोचा आला की पिस्टन अडकतो. वेगळ्या टाकीचे महागडे शॉकअप आमच्या मते लांबचे खडबडीत पल्ले वेगात मारणाऱ्यांसाठीच. व्हॉल्व्हिंग (शॉकअप किती कडक चालतो ते ठरवणारी आतली जुळणी) मात्र स्प्रिंगला जुळणारं हवं, म्हणून स्प्रिंग बनवणाऱ्याचाच जोड मिळाला तर उत्तम. शॉकअप उघडताना जास्त कडक असेल तर खड्ड्यांच्या रांगेत चाक खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि गाडी बसत जाते.

बसवताना बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

प्रश्न : उंच केल्यावर 70 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉकअप) बदलू? (रत्नागिरी)

उत्तर : नको. जिमनीसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत उंची वाढली की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि पॅनहार्ड रॉडमुळे (ॲक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) ॲक्सल एका बाजूला सरकतो. कॅस्टर सुधारणारे बुश आणि ॲडजस्टेबल रॉड लावा. त्याआधी टायरचं बॅलन्सिंग आणि रॉडचे बोल्ट बघा. डँपर फक्त दुखणं झाकतो.

प्रश्न : शॉकअपवर तेलाचा पातळ थर दिसतो. बदलावा का? (मडगाव)

उत्तर : दांड्याजवळ ओलसर धूळ चिकटलेली असेल तर पुसा आणि लक्ष ठेवा. तेल ओघळून खाली टपकत असेल तर सील गेलं. बदलायचाच, आणि तोही एकाच ॲक्सलवरची जोडी.