बी.एस्सी.ची वर्षे फार्मसीत धरली जात नाहीत

बारावीनंतर बी.एस्सी.ला गेलेल्या आणि आता फार्मसीकडे वळू पाहणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी बार्शीत एस.वाय. बी.एस्सी.ला (रसायनशास्त्र) आहे. बारावीत पीसीबीला ६१ टक्के, पहिल्या वर्षी ८.२ सीजीपीए. मला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळेल का? इंजिनिअरिंगला बी.एस्सी.वाल्यांना तसा मिळतो, असे ऐकले.

उत्तर : नाही, मिळणार नाही. इंजिनिअरिंगचे तुम्ही ऐकले ते खरे आहे. तिथे बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला दुसऱ्या वर्षात घेतात. गैरसमज तिथूनच सुरू होतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या बी.फार्म. नियमांत तिसऱ्या सेमिस्टरला थेट प्रवेशाचे दार एकच आहे, आणि ते मान्यताप्राप्त संस्थेतून डी.फार्म. (फार्मसीची दोन वर्षांची पदविका) झालेल्यांसाठी आहे. कारणही समजण्यासारखे आहे. बी.फार्म.च्या पहिल्या वर्षात ह्यूमन अॅनाटमी अँड फिजिओलॉजीचे दोन पेपर, फार्मास्युटिक्स आणि पॅथोफिजिऑलॉजी असते. रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.त यांतले काहीच शिकवत नाहीत. तुमचे सेंद्रिय रसायन कितीही पक्के असले तरी ही उणीव त्याने भरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी बाहेर पडल्यावर मिळणारा यू.जी. डिप्लोमाही इथे चालत नाही. नावात डिप्लोमा असला तरी तो डी.फार्म. नव्हे.

म्हणजे तुम्हाला पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागेल, आणि त्यासाठी बी.एस्सी.चा सीजीपीए कुणी पाहणार नाही. बारावीचे मार्क आणि सीईटी, एवढेच पाहतात. पात्रतेसाठी बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित या विषयांत मिळून ४५ टक्के लागतात (महाराष्ट्रातील मागास प्रवर्गांना ४०). तुमचे ६१ आहेत, तेव्हा ती अडचण नाही. सीईटीच्या पीसीबी गटात भौतिक आणि रसायनाचे ५० - ५० आणि जीवशास्त्राचे १०० प्रश्न असतात. प्रत्येकाला एक मार्क, चुकीला मार्क कापत नाहीत. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि बाकीचे बारावीवर असतात. निम्मे मार्क जीवशास्त्राचे आहेत आणि तुम्ही दोन वर्षे ते पुस्तक उघडलेले नाही. रसायन येते म्हणून त्यातच रमू नका, आधी जीवशास्त्र काढा.

आता वर्षांचा हिशेब. एस.वाय. संपवून बी.फार्म.ला गेलात तर बारावीनंतर एकूण सहा वर्षे होतात. टी.वाय. पूर्ण करून गेलात तर सात. फरक एका वर्षाचा आहे, आणि त्या एका वर्षात हातात पदवी येते. (तिचा उपयोग पुढच्या उत्तरांत दिसेल.) त्यामुळे आमचे मत स्पष्ट आहे : सीईटीचा फॉर्म अजून भरला नसेल तर टी.वाय. करा आणि त्याच वर्षात सीईटीची तयारी करा. हाच प्रश्न एफ.वाय.च्या मुलाने विचारला असता तर लगेच वळायला सांगितले असते.

बी.एस्सी. अर्धी सोडून जाणाऱ्यांनी फीकडे लक्ष द्यावे. बी.फार्म.चे कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंड लांबतात आणि तोवर बी.एस्सी.चे प्रवेश बंद झालेले असतात. यूजीसीच्या २०१८ च्या धोरणानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांत ८०, ३० दिवसांत ५०, आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणून रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. त्याच धोरणाने कॉलेजला मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायला मनाई केली आहे. टी.सी. मात्र शेवटच्या कॉलेजची, म्हणजे बी.एस्सी.च्याच कॉलेजची लागते, बारावीची जुनी चालत नाही. राखीव प्रवर्गातील मुलांचे नेहमी अडते ते नॉन-क्रिमिलेअरवर. प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवे.

प्रश्न : बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र) झालो आहे, वय २४. तालुक्याच्या गावी मेडिकल टाकायचे आहे. एका ओळखीच्या फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भाड्याने मिळते आहे. तसे करावे, की डी.फार्म. करावे?

उत्तर : भाड्याच्या प्रमाणपत्राच्या वाटेला जाऊ नका. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. त्याचे नाव भिंतीवर लावून काउंटरवर दुसरेच कुणी उभे राहिले तर तो गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड आहे, आणि दुकानाचा परवाना जातो तो वेगळा. शिवाय चुकीचे औषध किंवा चुकीचा डोस गेला तर ते निस्तरायला तिथे जाणकार माणूस नसतो. आमचा विरोध मुख्यतः त्यासाठी आहे.

डी.फार्म. तुमच्यासाठी योग्य आहे. त्याला सीईटी नाही, बारावीच्या मार्कांवर मेरिट लागते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण. २०२२ च्या नियमांनी त्यापुढे एक्झिट परीक्षा आली आहे : तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के हवेत. मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. दुकानाची जागा किमान १० चौरस मीटर लागते, आणि लसी - इन्सुलिन ठेवायचे तर फ्रिज.

तोवर रिकामे बसायचे नसेल तर एक कायदेशीर वाट आहे आणि ती फार जणांना ठाऊक नसते. होलसेलच्या परवान्यासाठी (फॉर्म २० बी आणि २१ बी) फार्मासिस्टच लागतो असे नाही. कोणत्याही मान्य विद्यापीठाची पदवी आणि औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेली व्यक्ती चालते. तेव्हा एखाद्या वितरकाकडे वर्षभर काम करा. नियुक्तीपत्र, पगाराची नोंद आणि अनुभवाचा दाखला नीट ठेवा, कारण एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) अर्ज अडतो तो याच कागदांवर.

प्रश्न : तारापूरला औषध कंपनीत क्यू.सी.मध्ये (गुणवत्ता नियंत्रण) आहे, शिक्षण बी.एस्सी. रसायनशास्त्र. बढतीसाठी बी.फार्म. करावेच लागेल का? थेट एम.फार्म. करता येते का?

उत्तर : एम.फार्म.ला बी.फार्म. लागतेच, तेही ५५ टक्क्यांनी. पण तुमच्या कामासाठी फार्मसीची गरज तुम्ही समजता तेवढी नाही. औषध नियमावली, १९४५ च्या नियम ७१ प्रमाणे उत्पादनावर देखरेख करणारी तांत्रिक व्यक्ती म्हणून फार्मसी पदवीधराला १८ महिन्यांचा आणि रसायन हा मुख्य विषय असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला तीन वर्षांचा औषधनिर्मितीचा अनुभव लागतो. चाचणी विभागाच्या प्रमुखालाही विज्ञानाची पदवी चालते. नोकरी सोडून चार वर्षे बी.फार्म. करण्यापेक्षा एम.एस्सी. (सेंद्रिय रसायन) करा. त्यावर नायपर या केंद्रीय औषधशास्त्र संस्थेच्या एम.एस. (फार्म.) मेडिसिनल केमिस्ट्रीची वाट खुली होते. मात्र या पदवीने फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. औषध निरीक्षक व्हायचे असेल तर हे उत्तर बदलते. तिथे बी.एस्सी. चालत नाही.

प्रश्न : बी.एस्सी.नंतर यंदा बी.फार्म.ला लागले. रसायनाची प्रॅक्टिकल्स सोपी जातील असे वाटले होते, पण पहिल्याच सेशनलला (अंतर्गत परीक्षेला) मार्क गेले. काय चुकते आहे?

उत्तर : हा अनुभव बहुतेक बी.एस्सी.वाल्यांना येतो, कारण हात जुन्या सवयीने चालतो.

लिमिट टेस्ट पाहा. इथे क्लोराइड किती आहे हे मोजायचे नसते, ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे एवढेच पाहायचे असते. ५० मिलीचे दोन सारखे नेसलर सिलिंडर घ्या, एकात नमुना आणि एकात स्टँडर्ड. दोन्हींत विरल नायट्रिक आम्ल घालून ५० मिलीपर्यंत पाणी भरा, दोन्हींत एकाच वेळी १ मिली सिल्व्हर नायट्रेट घाला आणि पाच मिनिटांनी काळ्या पार्श्वभूमीवर गढूळपणा जुळवा. एकात आधी आणि दुसऱ्यात नंतर घातले तर तुलना फसते. नळाच्या पाण्याने विसळलेले सिलिंडर घेतले तर पाण्यातलेच क्लोराइड दिसते.

नॉन-अॅक्वियस, म्हणजे पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकात केलेल्या टायट्रेशनमध्ये उलट खबरदारी लागते. तुम्ही ब्युरेट पाण्याने धुऊन लगेच भरत असाल. इथे एक थेंबही नको. ग्लेशियल अॅसेटिक आम्लात पाणी दुर्बल अल्कलीसारखे वागते, पर्क्लोरिक आम्ल खाते आणि शेवटचा रंगबदल पुसट होतो. उपकरणे कोरडी करून घ्या. द्रावण प्रमाणित करतानाचे आणि वापरतानाचे तापमान लिहून ठेवा, कारण अॅसेटिक आम्ल उष्णतेने पाण्यापेक्षा जास्त प्रसरण पावते.

सिंपल सिरपमध्ये ६६७ ग्रॅम साखर घेऊन एकूण वजन १००० ग्रॅम करायचे असते. केमिस्ट्रीवाले सवयीने मेजरिंग फ्लास्क उचलतात आणि १००० मिली करतात. पाक पातळ होतो आणि काही दिवसांत बुरशी धरतो. तराजू वापरा.

बारावीला गणित नसेल तर पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स लागते, त्यात लाप्लास ट्रान्सफॉर्मपर्यंत मजल जाते. ते टाळून चालणार नाही. पासिंग ५० टक्के आहे आणि हजेरी प्रत्येक विषयात, थिअरी आणि प्रॅक्टिकलची वेगवेगळी, ८० टक्के.

प्रश्न : मुलगी एफ.वाय. बी.एस्सी.ला आहे. एक एजंट म्हणतो, परराज्यातल्या कॉलेजात बी.एस्सी.वर थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, हजेरीची गरज नाही. पैसे भरावेत का? (एक आई, चिपळूण)

उत्तर : भरू नका, ताई. फार्मसी कौन्सिलचे नियम देशभर एकच आहेत. अशा प्रवेशावर मिळालेल्या पदवीने नोंदणी होणार नाही. मुलीला यंदाच सीईटी द्यायला सांगा. कॅपमधूनच प्रवेश घ्या, कारण फीसवलतीच्या योजना कॅपच्या प्रवेशालाच लागू होतात. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर २०२४ - २५ पासून मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजला त्या अभ्यासक्रमाची, त्याच वर्षाची मान्यता आहे का, ते फार्मसी कौन्सिलच्या यादीत पाहून घ्या.