टूरिंगच्या गाडीला क्विकशिफ्टर हवा का? त्याने गिअरबॉक्स लवकर जातो का?

तुम्ही विचारलंय की इंदूरहून बायकोला मागे बसवून अधूनमधून नाशिक-पुण्याकडे जायला गाडी घेताय, तर क्विकशिफ्टरवाल्या, म्हणजे क्लच न दाबता नुसत्या पायाने गिअर बदलू देणाऱ्या, मॉडेलला जास्त पैसे मोजावेत का. क्लच न दाबता गिअर टाकले की गिअरबॉक्स लवकर जातो, असं तुमचा मिस्त्री म्हणतो ते खरं का, आणि मोटरने आपोआप दाबल्या जाणाऱ्या होंडाच्या ई-क्लचसाठी थांबावं का, हेही विचारलंय. मी इंदूरचाच. एका सिलिंडरची, क्विकशिफ्टर असलेली अ‍ॅडव्हेंचर गाडी चालवतो, आणि मित्रांच्या दोन आणि चार सिलिंडरच्या गाड्याही लांबच्या रस्त्यावर चालवल्या आहेत.

पैसे जरूर मोजा, पण तो दोन्हीकडे चालणारा असेल तर. गिअर वर टाकतानाही आणि खाली टाकतानाही. फक्त वर चालणारा असेल तर टूरिंगसाठी त्याच्यापायी बजेट ताणू नका.

कारण असं की हायवेवर वरचे गिअर टाकायचे किती? राऊ सोडलं की सहावा पडतो आणि मानपूरपर्यंत तोच राहतो. कस लागतो घाटात, उतरताना. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना वळणाच्या तोंडाशी पुढचा ट्रक अचानक रेंगाळतो. साध्या गाडीवर त्या क्षणी उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर, त्याच हाताने रेसला हलका झटका, डाव्या हाताने क्लच, पाय गिअरवर, आणि गाडी वळणात कललेली. सराव असलेला माणूस हे करतो, नाही असं नाही. पण सकाळपासून हँडल धरून बसलेल्या माणसाकडून चौथ्या-पाचव्या तासाला कुठेतरी राहून जातं. क्लच जरा लवकर सुटतो, मागचं चाक क्षणभर अडखळतं आणि मागे बसणारीचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर टक्‌कन आपटतं.

क्विकशिफ्टरवर मी रेस पूर्ण बंद करतो, ब्रेक धरतो आणि पायाने गिअर खाली दाबतो. इंजिन आपणहून एक छोटा हुंकार देतं, गिअर बसतो. पुन्हा दाबलं की पुन्हा तसंच. डावा हात हँडलवरच राहतो, गाडीची रेघ मोडत नाही. माझ्या बायकोला क्विकशिफ्टर म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नाही, पण घाटात आता मान दुखत नाही, हे तिने स्वतःहून सांगितलं. तुमच्या रस्त्यावर धामनोदच्या आधीचा गणपती घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट असे दोन्ही येणार. तिथे भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतात आणि आपल्याला गिअर सारखे खाली-वर करावे लागतात. डाव्या मनगटाचा थकवाही तिथेच वाचतो.

आता तुमच्या मिस्त्रीच्या म्हणण्याकडे येतो. त्याची भीती चुकीच्या जागी आहे, पण निराधार नाही. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्याच असतात. गिअर बदलतो तेव्हा बाजूचे जाड दाते, ज्यांना डॉग म्हणतात, सरकून दुसऱ्या गिअरच्या खाचेत बसतात. इंजिनाचा जोर चालू असताना हे दाते खाचेच्या भिंतीवर दाबलेले असतात, म्हणून सरकत नाहीत. क्लच दाबून आपण तो जोर काढून घेतो. क्विकशिफ्टर तेच काम दुसऱ्या वाटेने करतो. गिअर लिव्हरच्या दांड्यावर किंवा आत शाफ्टजवळ सेन्सर असतो. पायाचा दाब आला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, साधारण ५० ते १०० मिलिसेकंद स्पार्क किंवा पेट्रोल तोडतो, तेवढ्यात दाते मोकळे होतात आणि सरकतात. खाली येताना उलटं, म्हणजे ईसीयू स्वतः थ्रॉटल किंचित उघडून इंजिनाचे फेरे जुळवतो. म्हणूनच खाली चालणाऱ्या क्विकशिफ्टरला राइड-बाय-वायर, म्हणजे केबलऐवजी विजेच्या इशाऱ्यावर उघडणारा थ्रॉटल, लागतोच. केबलने ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलला ईसीयू हात कुठून घालणार?

तेव्हा क्लच न दाबण्याने दाते झिजत नाहीत. ते झिजतात गिअर अर्धवट बसल्याने. भीत-भीत, हळू दाबलेला पाय हा गिअरबॉक्सचा खरा शत्रू आहे. दाते अर्धे अडकतात, कडेला घासतात, कडा गोल होतात आणि मग गिअर आपोआप सुटायला लागतो. क्विकशिफ्टरवर पाय एकदाच, ठाम आणि शेवटपर्यंत दाबायचा, आणि लिव्हर पूर्ण सोडूनच पुढचा गिअर मागायचा. वर टाकताना रेस धरून ठेवायची, खाली टाकताना रेस पूर्ण बंद. अर्धवट रेसवर, गाडी ना ओढतेय ना अडतेय अशा अवस्थेत गिअर मागितला की झटका बसणारच.

शहरात मात्र मी क्लच वापरतो आणि तुम्हीही वापरा. पलासिया ते विजयनगर संध्याकाळी कधी गेलात तर दुसऱ्याच्या वर गिअर जातच नाही. थांबताना आणि निघताना क्लच लागतोच, क्विकशिफ्टर तो काढून टाकत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल आहे, त्या दोन गिअरमधलं अंतरही बहुधा सगळ्यात मोठं असतं, त्यामुळे हाच बदल कुठल्याही गाडीवर सगळ्यात खडबडीत लागतो. पाय जरा ढिला पडला की गाडी मध्येच न्यूट्रलला अडकते आणि मागून येणारा ई-रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून बसतो.

इंजिन कुठलं आहे यावरही बरंच अवलंबून आहे, आणि शोरूमवाले हे सांगत नाहीत. ३,००० आरपीएमवर एका सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला २५ वेळा स्फोट होतो, म्हणजे दोन स्फोटांमध्ये ४० मिलिसेकंद. चार सिलिंडरमध्ये त्याच वेगाला १००, म्हणजे १० मिलिसेकंद. आता ईसीयूने ६० मिलिसेकंद जोर तोडला, तर एका सिलिंडरला त्यात एखाद-दुसराच स्फोट येतो. तो कुठे तुटला आणि कुठे परत आला यावर झटका ठरतो. म्हणून एका सिलिंडरवर कमी आरपीएमला क्विकशिफ्टर ठोके देतो, ५,०००च्या पुढे लोण्यासारखा चालतो. चार सिलिंडरवाल्या गाड्यांमध्ये हा फरक फार कमी. कावासाकीच्या निंजा १००० एसएक्सवर तो २,५०० आरपीएमच्या पुढे काम करतो असं कंपनीच सांगते. मोठ्या बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) आणि चेनऐवजी शाफ्टवाल्या गाड्यांवर खालच्या गिअरना धप्प आवाज येतो, तिसऱ्यापासून पुढे मात्र मस्त. चेनची गाडी असेल तर चेन ढिली ठेवू नका. ढिली चेन प्रत्येक झटका दुप्पट करून दाखवते आणि लोक दोष क्विकशिफ्टरला देतात.

एक गोष्ट बुटांची. जाड टूरिंग बूट घातले की लांबच्या प्रवासात डावा पाय नकळत लिव्हरवर टेकून राहतो. सेन्सर दाबच मोजतो, त्याला तो पायाचा हुकूम वाटतो किंवा खरा हुकूम ओळखता येत नाही. लिव्हरची उंची तुमच्या बुटांप्रमाणे लावून घ्या, साध्या चपला घालून नव्हे. आणि गाडी कधी डाव्या बाजूवर पडली तर दांडा वाकलाय का आणि सेन्सरची वायर कुठे घासतेय का, हे पाहून मगच पुढे निघा.

बाहेरून बसवायचे किट मिळतात. टूरिंगसाठी मी सुचवणार नाही. ते बहुतेक वर टाकण्यापुरतेच असतात आणि वायरिंगला हात लावला की वॉरंटीचा वाद उभा राहतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत सगळं आतून बसवलेलं असतं आणि पैसे भरले की सॉफ्टवेअरने चालू करून देतात, तो प्रकार चांगला.

गाड्यांचं म्हणाल तर २०२० मध्ये आपल्याकडे आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरला दोन्हीकडे चालणारा क्विकशिफ्टर सुरुवातीपासून होता. मोठ्यांत सुझुकी व्ही-स्ट्रॉम ८०० डीईला तो मूळ गाडीतच येतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५०ला क्विकशिफ्टर नाही, पण स्लिप-अँड-असिस्ट क्लच आहे, म्हणजे लिव्हर हलका आहे आणि गिअर खाली टाकताना मागचं चाक कमी अडखळतं. तुमचं मन त्या गाडीवर असेल तर केवळ क्विकशिफ्टर नाही म्हणून ती सोडू नका, दोघांच्या बसण्याची सोय आणि सीटची उंची त्याहून मोठी गोष्ट आहे. होंडाचा ई-क्लच वेगळा प्रकार आहे. मोटर क्लच दाबते, त्यामुळे थांबताना-निघतानाही लिव्हरला हात लावावा लागत नाही. शहराच्या गर्दीत तो क्विकशिफ्टरपेक्षा सरस. पण सध्या तो आपल्याकडे सीबी६५०आर आणि सीबीआर६५०आरसारख्या गाड्यांवर आहे, सामान लादून दोघांनी जायच्या गाड्या त्या नव्हेत. यंदा निघायचं असेल तर थांबू नका.

टेस्ट राइडला शोरूमवाले गल्लीतून चक्कर मारून आणतात, त्यात काही कळत नाही. बायपासपर्यंत नेऊ द्या असा आग्रह धरा, आणि वहिनींना मागे बसवूनच न्या. सहाव्यातून रेस बंद करून तिसऱ्यापर्यंत या, मग ३,०००वर आणि मग ५,०००वर वरचे गिअर टाकून बघा. उतरल्यावर आधी त्यांना विचारा कसं वाटलं, सेल्समनला नंतर.