‘एवढ्या लवकर हे दाखवावं का?’

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका बाईंचा भाऊ न्यूयॉर्कला जोडीदारासोबत राहतो. सुट्टीत येणाऱ्या नऊ वर्षांच्या भाचीला त्याला तिथला स्टोनवॉल हा समलिंगी लोकांचा ऐतिहासिक बार दाखवायचा होता. तिची आई विचारत होती, “आत्ताच कशाला? ती गोंधळणार नाही का?”

ही शंका बरेच पालक घेऊन येतात. समलिंगी म्हटलं की मोठ्यांच्या मनात आधी शरीरसंबंध येतात. मुलांच्या मनात ते नसतात. मामा आणि त्याचा जोडीदार एका घरात राहतात, हे तर ती व्हिडिओ कॉलवर पाहतच होती. तिला एवढं पुरे : पूर्वी दोन पुरुष एकत्र नाचले तरी पोलीस पकडून न्यायचे. २८ जून १९६९ च्या पहाटे या बारवर धाड पडली, तेव्हा लोक निमूट गेले नाहीत. वर्षभरानं त्याच तारखेला त्या भागातून सेंट्रल पार्कपर्यंत मोर्चा निघाला. (अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ १९७३ पर्यंत समलिंगी असण्याला आजार म्हणत होते, हेही आमच्या व्यवसायातल्यांनी सांगायला हवं.) मारहाणीचं वर्णन तिनं विचारल्याशिवाय नको. बारमध्ये शिरायचीही गरज नाही. समोरच्या ख्रिस्तोफर पार्कमध्ये पांढरे पुतळे आहेत, दोन पुरुष उभे, दोन स्त्रिया बाकावर. बोलायला तेवढं निमित्त पुष्कळ.

हे सगळं ऐकूनही बाईंचा चेहरा सुटेना. मग म्हणाल्या, “ती घरी येऊन आजीला सांगेल. आईला अजून माहीत नाही.”

खरी गाठ इथे होती. मी स्पष्टच म्हटलं, “‘आजीला सांगू नकोस’ असं मुलीला बजावू नका. असं गुपित सांभाळायला लावलं की यात काहीतरी वाईट आहे, एवढंच ती शिकेल. आईला सांगायचं की नाही, कधी, हे भाऊ ठरवेल. तुम्ही परस्पर सांगू नका. निघण्याआधी त्याच्याशी बोला.”

भावानं आठवडाभर वेळ मागितला आणि मग स्वतःच आईला फोन केला. आजी अजून त्याच्याशी मोजकंच बोलते. बाई तरीही मुलीला घेऊन गेल्या.

पार्कमध्ये मुलीनं मामाला विचारलं, “पोलिसांनी नंतर सॉरी म्हटलं का?” मामा म्हणाला, “हो, २०१९ मध्ये. शहराच्या पोलीस आयुक्तांनी माफी मागितली.” तिनं बोटांवर हिशेब करून पाहिला, जमेना. “पन्नास वर्षं,” मामानं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, “आमच्या बाई तर लगेच मागायला लावतात.”