चौघांच्या घरात काटकसर नेमकी कुठे करावी?

आपण विचारले आहे की, घरात चार माणसे आणि एकच पगार आहे, बाहेरचे खाणे बंद करूनही महिनाअखेरीस हाती काही उरत नाही, तर घरात आणखी काटकसर कशी करावी. नाशिकमध्ये अशाच एका पगारावर मी एकोणीस वर्षे संसार सांभाळते आहे. माझ्या अनुभवाने पैसा दोन ठिकाणी वाचतो: जिथे काही तापवले जाते तिथे, आणि जे धान्य आपण वर्षभर किलो-किलोने आणतो त्यात.

नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला, तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा वीज लागत नाही. उलट २००० वॅटचा गिझर रोज पाऊण तास तापत राहिला, तर महिन्याला ४५ युनिटे होतात. म्हणून दिव्यावरून मुलांना रागावण्याऐवजी सर्वांच्या आंघोळी लागोपाठ उरकाव्यात आणि गिझरचे बटण लगेच बंद करावे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो व त्यापुढच्या युनिटांचा बराच चढा असतो, त्यामुळे वाचवलेले प्रत्येक युनिट आधी त्या महाग टप्प्यातून कमी होते. आमचे बिल १३०-१४० युनिटांवरून शंभराच्या आत आले, ते केवळ गिझरच्या शिस्तीमुळे आणि दोन जुने पंखे बदलल्यामुळे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो आणि नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात.

गॅसचेही तसेच आहे. हरभरा, राजमा रात्रभर आणि तूरडाळ अर्धा तास भिजवावी, वरण-भात एकाच कुकरमध्ये डबे लावून करावा आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, तर बर्नरची छिद्रे साफ करावीत.

मात्र सर्वांत मोठा फरक पडतो तो वर्षाच्या साठवणीने, आणि ही आपल्याकडची जुनी पद्धत शहरातल्या घरांतून सुटत चालली आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो. आम्हा चौघांना वर्षाला सुमारे एक क्विंटल लोकवन पुरतो. तो निवडून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह कोठीत भरावा. एका वर्षी मी घाईने ऊन असलेलाच गहू कोठीत भरला, आत ओल धरली आणि श्रावणात निम्म्या धान्याला सोंडकिडे लागले, म्हणून हे मुद्दाम सांगते.

कांद्याच्या बाबतीत जात पाहावी लागते. लाल कांदा टिकत नाही. साठवायचा तो एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा, ज्याची मान पूर्ण सुकलेली असते. तो गोणीत कोंबून न ठेवता हवेशीर जागी पसरून ठेवला आणि आठवड्याला सडका कांदा बाजूला काढला, तर बहुधा दिवाळीपर्यंत पुरतो, आणि नेमके त्याच सुमारास कांद्याचे भाव अनेकदा चढलेले असतात. लाल मिरचीही याच दिवसांत घ्यावी. रवा, बेसन आणि शेंगदाणे मात्र महिन्यापुरतेच आणावेत, कारण पावसाळ्यात पहिल्या दोहोंना कीड लागते आणि शेंगदाणे खवट होतात.

एवढी रक्कम एकदम आणायची कुठून, ही आपली अडचण असणारच, कारण आमचीही होती. आम्ही पहिल्या वर्षी केवळ गहू भरला आणि लगेच बँकेत बारा महिन्यांची, एप्रिलमध्ये मुदत संपेल अशी छोटी आवर्ती ठेव सुरू केली. दर महिन्याला वाण्याकडच्या पिठाचे जे पैसे वाचत होते, तेच तिच्यात जात राहिले. दुसऱ्या वर्षी त्याच पैशांत गव्हाबरोबर तूरडाळ आणि मिरचीही घरात आली.