कंपॅनियन नुसता मागे मागे फिरतो, काय करू?

प्रश्न : आम्ही तिघं मित्र मिळून एक छोटा आरपीजी (रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम) बनवतोय. पार्टीत, म्हणजे प्लेअरच्या टोळीत, चार कंपॅनियन (सोबती कॅरेक्टर) आहेत, प्रत्येकाला स्वतःची क्वेस्ट (कामगिरी) आहे, आवडीचं गिफ्ट दिलं की पॉइंट वाढतात आणि ८० झाले की क्वेस्ट उघडते. ओळखीच्यांना खेळायला दिलं तर सगळे पटापट गिफ्ट वाटतात, डायलॉग स्किप करतात आणि क्वेस्ट संपली की त्या कॅरेक्टरकडे परत फिरकत पण नाहीत. डायलॉग वाईट नाहीयेत, मग चुकतंय कुठे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : डायलॉग चांगले असतील, पण तुमच्या गेममध्ये कंपॅनियनला काय वाटतं हे प्लेअरच्या वागण्यावर ठरतच नाही ना, ते बाजारातून काय विकत आणलं त्यावर ठरतं. ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये (२००९) पण अप्रूव्हल (सोबत्याची तुमच्यावरची मर्जी) उणे १०० ते अधिक १०० असं होतं आणि गिफ्ट देऊन वाढवता यायचं, एखाद्याला दुखावलं की दोन वस्तू हातात ठेवल्या आणि झालं. पण तोच गेम लोकांच्या लक्षात राहिला तो कंपॅनियन अ‍ॅलिस्टरमुळे, कारण लोगेन या शत्रूला जिवंत ठेवून आपल्यात घेतलं तर अ‍ॅलिस्टर पार्टी सोडून जातो, मग तुमचं अप्रूव्हल कितीही भारी असू दे. त्याची एक रेषा आहे आणि ती गिफ्टने पुसली जात नाही.

आता फॉलआउट न्यू वेगासमधला (२०१०) बून बघा, माझ्या मते कंपॅनियन क्वेस्ट शिकायची असेल तर यापेक्षा चांगला धडा नाही. नोव्हॅक गावात डायनासोरच्या पुतळ्याच्या तोंडात बसून रात्री पहारा देणारा स्नायपर, त्याच्या बायकोला गावातल्याच कोणीतरी लिजन नावाच्या शत्रू फौजेच्या गुलाम धरणाऱ्यांना विकलंय. तो तुम्हाला स्वतःची टोपी देतो आणि सांगतो, ज्याने केलं त्याला रात्री पुतळ्यासमोर आण आणि खूण म्हणून तू ही टोपी डोक्यावर घाल, पुढचं मी बघतो. गेम तुम्हाला पुरावा शोधायची सक्ती करत नाही, निरपराध माणसाला नेऊन उभं केलं तरी बून गोळी झाडतो! म्हणजे ओळख होते तेव्हाच तो तुमच्यावर केवढा विश्वास टाकतोय आणि तुम्ही त्याचं काय करता, हे दोन्ही खेळण्यातूनच कळतं, कोणी लांबलचक सांगत बसत नाही.

पुढे त्याची दुसरी क्वेस्ट मेन्यूतून उघडत नाही. त्याला बरोबर घेऊन फिरताना लिजनच्या विरोधात तुम्ही ठरावीक ठिकाणी काय केलं ते गेम मागच्या मागे मोजत राहतो, आणि पुरेसं झालं की तो बिटर स्प्रिंग्जबद्दल बोलायला लागतो, तिथे त्याच्या तुकडीने बायकापोरांवर गोळ्या चालवल्या होत्या आणि ते त्याला अजून सुटलेलं नाहीये. तुमच्याकडे पण आतून पॉइंटच असू द्या, काही बिघडत नाही, फक्त ते दुकानातून न येता रस्त्यावरच्या निर्णयांतून येऊ द्या आणि स्क्रीनवरचा आकडा काढून टाका, आकडा दिसला की लोक तो भरायलाच खेळतात.

आणि क्वेस्ट संपल्यावर कोणी फिरकत नाही म्हणता, तर क्वेस्टमुळे पुढे काय बदलतं? मास इफेक्ट २ मध्ये (२०१०) एखाद्या सोबत्याचं लॉयल्टी मिशन (त्याची स्वतःची क्वेस्ट) केलं नाही तर शेवटच्या मोहिमेत तो सोबती मरू शकतो. शिवाय जॅक आणि मिरांडा दोघींची मिशन केली की जहाजावर त्यांचं जोरदार भांडण होतं, आणि तुमचं वजन कमी पडलं तर एकीचीच बाजू घ्यावी लागते आणि दुसरीची लॉयल्टी जाते. एकाचं काम केल्याचा परिणाम दुसऱ्यावर होतो, म्हणून प्लेअर परत बोलायला जातोच.

ड्रॅगन एज २ (२०११) मधली एक गोष्ट पण उचलण्यासारखी आहे. तिथे मैत्रीच्या उलट्या टोकाला रायव्हलरी आहे आणि तुमच्याशी कायम वाद घालणारा सोबती सुद्धा पूर्ण रायव्हलरीपर्यंत पोचला तर तुमच्याबरोबरच राहतो. नाहीतर प्लेअर प्रत्येकाला आवडेल तेच बोलत राहतो, आणि मग चारही कंपॅनियन सारखेच वाटायला लागतात.

प्रश्न : हे सगळं लिहायला आमच्याकडे माणसं नाहीत हो. कुठे कापू?
– तोच वाचक

उत्तर : चारचे दोन करा, बिनधास्त. डिस्को इलिजियममध्ये (२०१९) जवळजवळ अख्खा गेम एकटा किम कित्सुरागी सोबत असतो आणि लोक त्याच्यावर जीव टाकतात. बाल्डर्स गेटमध्ये (१९९८) खालिद आणि जहीरा नवरा-बायको आहेत, एकाला पार्टीतून काढलं की दुसराही जातो, एवढ्या एका नियमातून नातं दिसतं आणि लिहायला फार काही लागत नाही. तुमच्या दोघांसाठी आधी फक्त एवढंच लिहा की कोणत्या गोष्टीवरून हा माणूस पार्टी सोडेल, आणि ती गोष्ट मेन स्टोरीतच घाला, साइडला नको, म्हणजे प्रत्येक प्लेअरला तिथे कधीतरी यावंच लागेल.